वीजतारांजवळची साधने व आपला विज्ञानाचा पाठ

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत विजेचा पाठ शिकविताना पदार्थांचे सुवाहक व दुर्वाहक असे दोन गट पाडून दाखविण्याची आपली रीत आहे. बॅटरीचे दोन सेल, एक लहानसा दिवा व तारेचे दोन तुकडे एवढ्या साहित्यावर हा प्रयोग होतो. तारांच्या टोकांमध्ये नाणे धरले की दिवा लागतो. खडू, खोडरबर किंवा काठीचा तुकडा धरला तर लागत नाही. फळ्यावर दोन रकाने भरले जातात आणि दुसऱ्या रकान्यात ‘लाकूड’ हा शब्द येऊन बसतो. प्रयोग स्वस्त आहे, मुलांना आवडतो आणि फसत नाही, म्हणून तो आपण सर्वच जण करीत आलो आहोत.

अशाच एका पाठाच्या वेळी मागच्या बाकावर बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला होता. पाठ चांगला झाला. शेवटी गुरुजींनी शंका विचारण्यास सांगितले, तेव्हा सातवीतील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, डी.पी.वरचा फ्यूज पडला की आमचा दादा वेळूने वर ढकलून बसवतो. वेळू म्हणजे लाकूडच, मग त्याला काही होणार नाही ना?” गुरुजी क्षणभर थांबले व म्हणाले, “वेळू कोरडा असला म्हणजे झाले.” इतक्यात तासाची घंटा झाली.

गुरुजींचे उत्तर फळ्यावरील रकान्याला धरूनच होते. तथापि ते चुकीचे होते, आणि त्या मुलाने ते घरी जाऊन दादाला सांगितले असेल तर ही चूक शाळेच्या भिंतीआड राहिली नाही. आपल्या गावांत डी.पी. म्हणजे रोहित्राचा सांगाडा शिवाराच्या मध्यावर उभा असतो. पिकाला पाण्याची निकड असते, लाइनमन दहाबारा गावे सांभाळीत असतो, आणि मग कोणीतरी धीट तरुण वेळू घेऊन पुढे होतो. ह्या तरुणांतील पुष्कळजण आपलेच माजी विद्यार्थी असतात. लाइनमनच्या हातात जी काठी असते तीही दिसावयास काठीच. मग तिच्यात आणि वेळूत फरक कोणता, हा प्रश्न म्हणूनच विज्ञानाच्या पाठाचा भाग व्हावयास हवा.

प्रथम तारांविषयी. खांबांवरून जाणाऱ्या बहुतेक तारा उघड्या असतात. घरातल्या वायरीप्रमाणे त्यांवर प्लास्टिकचे वेष्टन आहे, असा मुलांचाच काय, मोठ्यांचाही समज असतो. ह्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्या पेडांच्या असून मध्ये ताण सोसण्यासाठी पोलादाचा पेड घातलेला असतो. (त्यांच्या निरनिराळ्या जाडींना वीजखात्यात प्राण्यांची इंग्रजी नावे दिलेली आहेत : स्क्विरल म्हणजे खार, रॅबिट म्हणजे ससा, डॉग म्हणजे कुत्रा. मुलांना ही गंमत सांगावी. तार उघडी असते हे त्यांच्या ध्यानात राहण्यास तिचा उपयोग होतो.) गावात घरोघर जाणाऱ्या तारांत फेजची कोणतीही एक तार व जमीन ह्यांच्यामध्ये २३० व्होल्ट दाब असतो. डी.पी.पर्यंत येणाऱ्या तीन तारांत मात्र बहुतेक ठिकाणी आपसांत ११,००० व्होल्ट आणि तार व जमीन ह्यांच्यामध्ये सुमारे ६,३५० व्होल्ट असा दाब असतो. खालून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकारच्या तारा सारख्याच दिसतात. ओळखण्याची खूण म्हणजे खांबावरील चिनी मातीचे रोधक : उच्च दाबाच्या तारेखालील रोधक मोठे असून त्यांना एकाखाली एक अशा घागऱ्यासारख्या कडा असतात.

त्या कडांकडे मुलांचे लक्ष अवश्य वेधावे. चिनी माती पक्की दुर्वाहक असताना तिला इतके घाटदार करण्याचे कारण काय? कारण असे की, वीज पदार्थाच्या पोटातून जाऊ शकली नाही तरी त्याच्या पृष्ठभागावरील धूळ व ओल ह्यांच्या आधाराने सरकू पाहते. कडा केल्याने पृष्ठभागावरील वाट लांब होते व पावसातही कडेच्या खालचा भाग काहीसा कोरडा राहतो. म्हणजे दुर्वाहकाचे काम केवळ तो कोणत्या पदार्थाचा आहे एवढ्यावर चालत नाही. त्याची लांबी, त्याचा कोरडेपणा, त्याची स्वच्छता आणि त्यावर पडणारा दाब, ह्या साऱ्यांचा हिशेब करावा लागतो. आपल्या प्रयोगात ह्यांतील एकही गोष्ट येत नाही.

आता तो हिशेबच करून पाहू. किंचित ओलसर अशी एक काठी घ्या आणि ती काठी व ती धरणारा माणूस मिळून एकूण रोध एक लाख ओहम आहे असे समजा. (ओलसर लाकडाचा रोध ह्याहून पुष्कळ कमी वा अधिकही असू शकतो, हिशेब सोपा जावा म्हणून ही संख्या घेतली.) ओहमच्या नियमाप्रमाणे दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. आपल्या दोन सेलांचा दाब ३ व्होल्ट. प्रवाह येतो ०.०३ मिलिअँपिअर. छोटा दिवा पेटावयास दोनतीनशे मिलिअँपिअर लागतात, तेव्हा तो लागत नाही व आपण काठीला दुर्वाहक ठरवून मोकळे होतो. तीच काठी २३० व्होल्टच्या तारेला लावली तर २.३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो; हाताला झिणझिण्या येतात, माणूस काठी टाकून देतो आणि फारसे काही झाले नाही म्हणून त्याची भीड चेपते. आता तीच काठी डी.पी.वरच्या उच्च दाबाच्या तारेला लागू द्या. ६,३५० भागिले एक लाख म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिअँपिअर. माणसाला सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह जाणवतो, दहापंधराला हाताचे स्नायू आखडून पकड सुटत नाही, आणि तीसचाळीसच्या पलीकडील प्रवाह छातीतून एकदोन सेकंद वाहिला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू ओढवू शकतो.

काठी तीच, हात तोच. बदलला तो फक्त दाब. वरच्या हिशेबात आपण रोध कायम धरला, हीदेखील काठीला दिलेली सवलतच आहे. प्रत्यक्षात उच्च दाबाखाली लाकडातून प्रवाह सरकू लागला की लाकूड तापते, जागोजाग करपते व करपलेल्या कोळशाची वाट तयार होते. कोळसा वीज वाहून नेतो, हे मुलांना पेन्सिलीच्या शिशावरून ठाऊक असतेच. मग रोध भराभर घटत जातो. ‘कोरडा वेळू’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. पावसाळी हवेत अंगणात उभा असलेला वेळू वरून कोरडा लागला तरी त्याच्या पेरांत व तंतूंत ओल असते. ती किती आहे हे हाताने चाचपून कळत नाही.

मग लाइनमनच्या काठीत काय आहे? तिला त्यांच्या बोलीत ‘ऑपरेटिंग रॉड’ म्हणतात. जिवंत तारेवर दुरून काम करण्यासाठी अशा काठ्या वापरण्याची सुरुवात अमेरिकेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाली, आणि नवल वाटेल, पण त्या काठ्या लाकडाच्याच होत्या. मात्र ते लाकूड निवडक, सरळ रेषांचे असे, ते वाळवून त्यातील ओल काढीत, वर रोगण चढवून पुन्हा ओल शिरू नये अशी तजवीज करीत आणि काठी दाबाखाली तपासून मगच हाती देत. एवढे करूनही रोगणाला चरा पडला की लाकूड हवेतील दमटपणा शोषून घेई. म्हणून १९५० नंतरच्या दशकात काचतंतू व राळ ह्यांच्या मिश्रणाची, म्हणजे फायबरग्लासची काठी पुढे आली व लाकूड मागे पडले. चांगल्या प्रतीच्या काठीची नळी आतून पोकळ ठेवीत नाहीत. पोकळीत दमट हवा शिरून थंडीच्या रात्री आतल्या आत दव जमेल म्हणून ती घट्ट फेसाने भरलेली असते.

ही काठी विश्वासास पात्र ठरते ती परीक्षेमुळे. अमेरिकेतील नियमांप्रमाणे नव्या फायबरग्लासच्या काठीच्या प्रत्येक फूट लांबीवर १,००,००० व्होल्ट दाब पाच मिनिटे देऊन पाहतात. वापरात आलेली काठी रोज वापरण्यापूर्वी पुसून, डोळ्यांनी तपासून घ्यावयाची. आणि निदान दोन वर्षांतून एकदा तिला वापरातून काढून पुन्हा दाबाखाली परीक्षा करावयाची असा तेथे दंडक आहे. मधल्या काळात तिला चीर गेली, खोल चरा पडला किंवा वरची चकाकी उडाली तर ती परीक्षेवाचून वापरावयाची नाही. ती जमिनीवर टाकीत नाहीत, मातीतून ओढीत नाहीत, गाडीच्या टपावर उन्हापावसात बांधीत नाहीत. पिशवीत घालून नेतात. पकडण्याची जागा ठरलेली असते व तिच्यापुढे हात सरकवावयाचा नसतो, कारण हात पुढे गेला की मधली रोधक लांबी तेवढी कमी होते. शाळेतील नकाशा गुंडाळून पिशवीत ठेवण्यास आपण मुलांना शिकवितो; ह्या काठीची निगा त्याहून कडक असते.

हातमोज्यांचीही गोष्ट अशीच. विजेच्या कामाचे रबरी हातमोजे जाडीप्रमाणे व परीक्षेप्रमाणे वर्गवार येतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ‘शून्य’ वर्गाचा मोजा १,००० व्होल्टपर्यंत वापरावयाचा असतो व त्याची परीक्षा ५,००० व्होल्टवर होते. दुसऱ्या वर्गाचा मोजा १७,००० व्होल्टपर्यंत चालतो व त्याची परीक्षा २०,००० व्होल्टवर होते. म्हणजे शून्य वर्गाचा मोजा घालून ११,००० व्होल्टच्या तारेशी खेळणारा मनुष्य मोजा असूनही उघड्या हाताचाच समजावा. रबराला टोचणी लागू नये म्हणून त्यावर चामड्याचा मोजा चढवितात. वापरण्यापूर्वी मोज्याचे तोंड गुंडाळीत आणून आतली हवा बोटांकडे दाबतात व मोजा फुगवून कानाजवळ धरतात. सुईच्या अग्राएवढे छिद्र असले तरी हवा फुसफुसते. ही कसोटी फुग्याने वर्गात करून दाखविता येते. फुग्याला सुईने टोचले तर तो फुटून जाईल, म्हणून टोचावयाच्या जागी आधी चिकटपट्टीचा तुकडा लावावा. मग छिद्रातून हवा हळू जाते व मुलांना ती ऐकू येते. धुण्याभांड्यांचे, फवारणीचे किंवा मोटारसायकलचे मोजे ह्या कामाचे नव्हेत हे त्या वेळी सांगून टाकावे. शेतातील गमबूट, रबरी चपला व ट्रॅक्टरची चाके ह्यांच्याविषयीही तसेच. टायरच्या रबरात काजळी मिसळलेली असते आणि त्याची विजेची परीक्षा कोणीच केलेली नसते.

पकडीच्या मुठीवरील रंगीत प्लास्टिकवर लोकांचा फार भरवसा असतो. बाजारातील पुष्कळ पकडींचे ते आवरण हात घसरू नये एवढ्यासाठीच असते. विजेच्या कामाची खरी पकड ओळखावयाची तर तिच्यावर एकावर एक असे दोन त्रिकोण व १,००० व्होल्ट हा आकडा छापलेला पाहावा. तिची परीक्षा १०,००० व्होल्टवर झालेली असते. आणि हीदेखील लघुदाबाच्या कामापुरतीच. अकरा हजारांच्या तारेजवळ हातातल्या पकडीने, मग ती कितीही किमती असो, काम करावयाचे नसते.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणतील की, मग अशी तपासलेली काठी व मोजे ग्रामपंचायतीने विकत घेऊन ठेवले म्हणजे प्रश्न सुटला. तसे होत नाही, आणि ह्याचे कारण समजून घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. आपल्याकडील वितरणाच्या तारांवर काम करताना लाइनमनचा मुख्य भरवसा मोज्यांवर किंवा काठीवर नसतो. तो कामाच्या क्रमावर असतो. जिवंत तारेवर काम करणारी निराळी पथके असतात व त्यांचे शिक्षण निराळे असते. बंगळूर येथे राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेचे त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. गावातला लाइनमन तार आधी मृत करतो. उपकेंद्राकडून तो रीतसर परवानगी घेतो. हिला ‘लाइन क्लिअर’ म्हणतात. मग खांबावरचा ए.बी. स्विच उघडून तिन्ही पाती खरोखर सुटली आहेत की नाहीत हे खालून डोळ्यांनी पाहतो, कारण दांडा खाली आला तरी एखादे पाते अडकून राहते व त्या एका पात्याने माणसे दगावलेली आहेत. स्विचला कुलूप लागते, ‘काम चालू आहे’ अशी पाटी लटकते. ऑपरेटिंग रॉडने फ्यूज खाली काढले जातात. त्यानंतर दाब दाखविणाऱ्या उपकरणाने तार खरोखर मृत आहे ना हे तपासावयाचे, आणि ते उपकरणच बिघडलेले नाही ना हे आधी व नंतर पाहावयाचे.

एवढे झाल्यावरही तो तारेला हात लावीत नाही. आता तो ‘डिस्चार्ज रॉड’ काढतो. हीदेखील रोधक काठीच. परंतु तिच्या टोकाला आकडी व आकडीला जाड तांब्याची वायर असते. वायरीचे दुसरे टोक आधी जमिनीतील अर्थिंगला घट्ट जोडावयाचे व मगच आकडी तारेवर टाकावयाची. काढताना क्रम उलटा : आकडी आधी, जमीन नंतर. ह्या क्रमाचे कारण मुलांना विचारून पाहावे. पाचसात उत्तरे येतात व त्यांतले एखादे बरोबर असते. तारेवर चुकून दाब शिल्लक असला, तर जमिनीशी न जोडलेली वायर हातात धरणे म्हणजे तारच हातात धरणे होय. कामाच्या जागेच्या दोन्ही अंगांना असे अर्थिंग करतात.

बंद केलेल्या तारेत पुन्हा वीज येते कोठून? शेजारून दुसरी उच्च दाबाची वाहिनी समांतर जात असेल तर तिच्या प्रभावाने येते, वीज कडाडताना येते, वरून ओलांडणारी दुसरी तार तुटून पडली तर येते. परंतु शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे एक कारण आहे. गावात कोणाच्या घरी, लग्नाच्या मांडवात किंवा पिठाच्या गिरणीत जनित्र असते, इन्व्हर्टर असतो. त्याची जोडणी मुख्य स्विचमध्ये दोहोंपैकी एकच बाजू लागेल अशी न करता कशीतरी केलेली असली, तर त्यातील २३० व्होल्ट उलट्या वाटेने गावाच्या तारांत व तेथून डी.पी.त शिरतात. रोहित्र मोठा दाब लहान करते तसेच उलट बाजूने लहान दाब मोठाही करते. म्हणजे गावातील वीज बंद असताना, मैलभर दूर खांबावर चढलेल्या माणसाच्या हातातील तारेत हजारो व्होल्ट येऊ शकतात, आणि ज्याच्या घरातून ते गेले त्याला ह्याचा पत्ताही नसतो. आता पुष्कळ शाळांतही संगणकासाठी इन्व्हर्टर बसलेले आहेत. आपल्या शाळेतील जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडून झाली आहे की कोणा हौशी माणसाने वायर खोचून दिली आहे, हे मुख्याध्यापकांनी एकदा पाहून घ्यावे. स्नेहसंमेलनाच्या वेळी भाड्याने आणलेल्या जनित्राबाबत तर हे फारच जरूर आहे.

हा सारा क्रम आपल्या विद्यार्थ्याच्या दादाजवळ नसतो. त्याच्याजवळ तपासलेली काठी आली तरी उपकेंद्रातील माणसाला तो तेथे आहे हे ठाऊक नसते. अपुऱ्या साधनाने केलेले काम नऊ वेळा सुखरूप पार पडते. म्हणून तर तो दहाव्या वेळी चढतो. तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेणाऱ्यांचेही असेच. तो गुन्हा आहे हे आपण सांगतोच. पण टाकणाऱ्याच्या हातातील वेळूची परीक्षा कोणीच केलेली नाही, हे अधिक लवकर पटते असा अनुभव आहे.

काठीच्या निमित्ताने अंतरांविषयीही थोडे सांगावे लागेल. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, व त्यानंतर २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या विनियमांत, तारा किती उंचीवर असाव्यात हे ठरवून दिलेले होते. २०१० च्या विनियमांप्रमाणे अकरा हजार व्होल्टची तार रस्ता ओलांडताना ६.१ मीटर उंच असावयास पाहिजे होती. रस्त्यावाचून अन्य ठिकाणी, म्हणजे शेतातून, ४.६ मीटर चालत असे. छपरावरून जाणाऱ्या तारेचे उभे अंतर लघुदाबाला निदान २.५ मीटर व अकरा हजाराला ३.७ मीटर, आणि बाजूचे अंतर दोहोंस १.२ मीटर असे होते. हे आकडे मोकळ्या हाताच्या माणसासाठी ठीक आहेत. पण हातात तीन मीटरची लोखंडी नळी आली की सारे गणित मोडते. शेतातील ४.६ मीटरच्या तारेखालून कडब्याची चढती गाडी व तिच्यावर बसलेला पोरगा जातो. त्यात उन्हाळ्यात तारा तापून लांबतात व झोळ वाढतो. पदार्थाच्या प्रसरणाचा पाठ त्याच महिन्यांत येत असेल तर हे उदाहरण खिडकीतूनच दाखविता येईल.

शाळेपुरते बोलावयाचे तर, झेंड्याचा खांब आडवा पाडून पुन्हा उभा करण्याचे काम पंधरा ऑगस्ट व सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी पुष्कळदा वरच्या वर्गातील मुलांवर सोपविले जाते. लोखंडी खांब उभा करताना कलंडतो तो कोणत्याही दिशेला. खांबाच्या लांबीहून कमी अंतरावर तार असेल तर तो खांब तेथे असताच कामा नये, जागा बदलावी. शेळ्यांसाठी बाभळीचा पाला पाडण्याची आकडी, बोरे झोडण्याची काठी, संक्रांतीला तारेत अडकलेला पतंग सोडविण्याची धडपड, ह्या गोष्टी मुलांच्या रोजच्या जगातील आहेत. पतंगाच्या मांज्यात धातूची भुकटी असते असे दिसले तर तो मांजा काढून घ्यावा. तारेवर पक्षी बसतो त्याला काही होत नाही, मग आम्हांला का, असे मुले हमखास विचारतात. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे एकाच दाबावर असतात व त्याचा जमिनीशी संबंध नसतो. मोठी वटवाघळे दोन तारांना एकदम स्पर्श करतात तेव्हा मरून लोंबकळलेली मुलांनी पाहिलेली असतात. तेच उत्तर पुरेसे होते.

आता अपघाताविषयी. घरात २३० व्होल्टच्या वायरीला कोणी चिकटला तर आधी मुख्य स्विच बंद करावा; ते शक्य नसेल तरच कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे, असे आपण शिकवीत आलो आहोत व घरापुरते ते बरोबर आहे. हाच सल्ला मुले बाहेरच्या तारेला लावतात, तेथे घात होतो. खांबावरची तार तुटून पडली असेल किंवा कोणी तिला चिकटला असेल, तर कोणतीही काठी घेऊन जवळ जावयाचे नाही. तीसपस्तीस फुटांच्या बाहेर थांबून इतरांना अडवावयाचे व वीज बंद करवावयाची. तारेतील वीज जमिनीत पसरते आणि तारेपासून दूर जावे तसतसा जमिनीचा दाब उतरत जातो. म्हणून दोन पाय दूर टाकले तर दोन पायांच्या जागी निरनिराळा दाब मिळतो व प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. म्हशीबैलांचे पुढचे व मागचे पाय बरेच दूर असल्याने तार न शिवताही जनावर मरते. आपण चुकून अशा जागी सापडलो तर पाय न उचलता, जोडून, बोटबोट सरकत बाहेर यावयाचे. तार एस.टी.वर किंवा ट्रॅक्टरवर पडली तर आतच बसून राहावयाचे. गाडीला आग लागली तरच गाडी व जमीन ह्यांना एकदम स्पर्श न होईल अशी दोन्ही पाय जोडून बाहेर उडी घ्यावयाची. हे पाय जोडून सरकणे मैदानावर चुन्याची वर्तुळे आखून खेळासारखे करून घ्यावे. चौथीपाचवीची मुले ते पाच मिनिटांत शिकतात.

वीज तुटल्याची खात्री झाल्यावरच जखमीला हात लावावा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी जोराने व भराभर, मिनिटास शंभर ते एकशेवीस ह्या गतीने दाब देत राहावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रत्येक केंद्रातून निदान दोन शिक्षकांनी हे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रत्यक्ष शिकून घ्यावे. वाचून हाताला बसत नाही.

राहता राहिला आपला पाठ. प्रयोग टाकून देण्याचे कारण नाही. फळ्यावरील दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर ‘दुर्वाहक’ ह्या शब्दापुढे ‘३ व्होल्टला, कोरडे असताना’ एवढे लिहावे आणि वरचा तीन ओळींचा भागाकार सातवीच्या मुलांकडून करवून घ्यावा. तो त्यांच्या गणिताच्या आवाक्यातला आहे. जमल्यास लाइनमनला एखाद्या शनिवारी शाळेत बोलवावे. महावितरणात त्याला आता जनमित्र म्हणतात. त्याने आपली काठी, मोजे व डिस्चार्ज रॉड मुलांपुढे मांडून क्रम सांगावा. हातमोजा फुगवून दाखविताना मुले जितकी एकाग्र होतात तितकी आपल्या व्याख्यानाने होत नाहीत.

त्याच दिवशी त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक, जवळच्या उपकेंद्राचा क्रमांक व वीज तक्रारीचा १९१२ हा क्रमांक विचारून घेऊन शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याने जाणाऱ्यास वाचता येईल अशा अक्षरांत रंगवावा. त्याखाली शाळेजवळील खांबाचा व डी.पी.चा क्रमांक लिहावा. तार कोठे पडली हे दूरध्वनीवर सांगताना ‘वडापाशी’ म्हणून चालत नाही. खांबाचा क्रमांक सांगितला तर उपकेंद्रातील मनुष्य नेमकी कोणती वाहिनी बंद करावयाची ते लगेच जाणतो. खांबांवरील आकडे पुसट झाले असल्यास ते कोठे कोठे पुसट आहेत ह्याची यादी मुलांकडून करवून शाखा कार्यालयास पाठवावी.